हापसाइड

आमच्या घरी फुटबॉल मागच्या दारानं यायचा. आण्णा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून परतले की बोळातून येऊन मोरीत पाय धुवायचे आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला टेकून आईला मॅच सांगायचे. आईनं तोवर एकही मॅच बघितलेली नव्हती, पुढंही कधी बघितली नाही. पण कान मात्र द्यायची. "चांगला गोल गेला होता गं, हापसाइड दिला त्यानं," असं आण्णा म्हणाले की तव्यावरची चपाती उलटता उलटता, ज्यानं कुणी दिला असेल त्याचा ती एका शब्दात उद्धार करायची.

मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. हाप म्हणजे अर्धं हे मला पक्कं ठाऊक होतं. हाप तिकीट, हाप चड्डी, पाहुण्यांसाठी हाप कप चहा. त्यामुळं 'हापसाइड' म्हणजे अर्धी बाजू, आणि नको त्या अर्ध्या बाजूला पाऊल पडलं की माणूस बाद, असा मी माझ्यापुरता नियम करून टाकला होता. आण्णा स्वतः तरुणपणी 'सेंटर हाप' होते असं घरात बोललं जायचं. त्याचा अर्थ मी असा लावला की टीममध्ये काही जण फुल पँट घालत असणार, आणि हाप चड्डीवाल्यांमध्ये आमचे आण्णा अगदी मधोमध उभे राहत असणार.

पुढं इंग्रजी आलं आणि कळलं की मूळ शब्द ऑफसाइड. मग काही वर्षं मला आण्णांच्या उच्चाराची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की ते फुटबॉलवर बोलायला लागू नयेत म्हणून मी विषय बदलायची. आता गंमत वाटते ती वेगळीच. फुटबॉलच्या नियमांत १९०७ साली दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून खेळाडू स्वतःच्या अर्ध्या मैदानात असेल तर तो ऑफसाइड ठरतच नाही. मधली रेघ ओलांडून पलीकडच्या अर्ध्यात गेलात तरच ती भानगड. म्हणजे हाप चड्डीच्या वयात मी लावलेला अर्थ फार काही चुकलेला नव्हता.

कोल्हापूरबाहेर वाढलेल्यांना हे सगळं थोडं विचित्र वाटतं. पुण्यात ऑफिसात मी सांगते की आमच्याकडं फुटबॉल क्लब खेळत नाहीत, तालमी खेळतात, तेव्हा लोकांना वाटतं मी कुस्तीबद्दल बोलतेय. पण संघांची नावंच तशी आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. जिथं लाल मातीत पोरं घुमायची त्याच तालमीच्या नावानं पेठेतली पोरं बूट घालून उतरली, आणि केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगला त्याच नावानं गर्दी लोटू लागली. मातीतली भाषाही त्यांच्याबरोबर आली. मॅच जिंकली की समोरच्यांना 'अस्मान दाखवलं'. एखाद्या बॅकला चकवून गेला की 'काय डाव टाकला!' आमच्या गल्लीतले एक म्हातारे पैलवान फुटबॉलच्या मॅचला बसले तरी "पट काढ, पट!" म्हणून ओरडायचे. पोरं हसायची, पण त्यांना नेमकं काय करायचंय ते पोरांना कळायचं.

आण्णांच्या संघाचा एक फोटो आमच्या सोप्यात लटकलेला आहे. मागं शाईनं १९६८ लिहिलंय. अकरा जण. खाली मांडी घालून पाच, मधे लाकडी खुर्च्यांवर तीन, मागं उभे तीन. मधल्या खुर्चीवर आण्णा, बावीस वर्षांचे, केस तेल लावून मागं वळवलेले, पायांत बॉल. माझा बरीच वर्षं समज होता की फोटोग्राफरनं उंचीप्रमाणं बसवलेत. पण खालच्या पाचांत एक चांगला ताडमाड आहे, आणि उभ्या तिघांतला एक बुटका. एकदा आण्णांनीच सांगितलं. खाली बसलेत ते फॉरवर्ड. लेफ्ट आउट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन, राइट आउट. खुर्च्यांवर हाप, म्हणजे मधली फळी. मागं दोन बॅक आणि त्यांच्या मधे गोलकी. म्हणजे ज्या क्रमानं ग्राउंडवर उभं राहायचं त्याच क्रमानं ते फोटोला बसले होते. पाच, तीन, दोन, एक.

ही मांडणी इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात रुळली. दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. जगभर जिथं जिथं इंग्रजांची जहाजं, रेल्वे आणि पलटणी गेल्या तिथं तिथं ती त्याच नावांसकट गेली. कोल्हापूरच्या एका सोप्यात ती अजून काचेमागं बसलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. माझी भाची चौदा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते. जेवताना मी विचारलं, "तू कुठं खेळतेस गं?"

"मी सीबी खेळतो, आत्या."

हा 'खेळतो' वाचून कुणी चूक काढू नये. कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी खेळतो. मीही बोलायचे. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात माझी इतकी टिंगल झाली की दिवाळीपर्यंत मी 'मी आले, मी गेले' करायला शिकले. दिवाळीला घरी आल्यावर आई म्हणाली, "काय गं, बायकांगत बोलायला लागलीस!" भाचीवर अजून ती वेळ आलेली नाही. येऊ नये असं वाटतं.

तर आण्णांनी घास हातात धरून विचारलं, "सीबी म्हंजे?"

"सेंटर बॅक, आजोबा."

"बॅक दोन असत्यात. एक डावा, एक उजवा. सेंटरला कुठला आला बॅक?"

"मग सेंटरला कोण असतंय?"

"सेंटरला हाप."

"हाफ म्हणजे मिडफिल्डर ना?"

"ते तुझं मिडफिल्डर काय मला म्हाईत न्हाई. सेंटर हाप म्हंजे सेंटर हाप."

मला वाटलं आपण मध्ये पडून सोडवावं. मी म्हटलं, "अगं स्टॉपर म्हण की सरळ." दोघांनीही माझ्याकडं अशी नजर टाकली की मी गुमान आमटी वाढून घेतली.

स्टॉपर हा माझ्या वयाचा शब्द. माझा भाऊ नव्वदच्या दशकात तालमीकडून खेळायचा तेव्हा मधल्या बचावाच्या गड्याला सगळे स्टॉपर म्हणायचे. एक स्टॉपर, एक त्याच्या मागं उरलंसुरलं झाडून काढणारा. भाऊ स्टॉपर होता, आणि गल्लीत त्याचं नावही स्टॉप्या पडलं होतं. लग्नाच्या पत्रिका वाटायला गेलो तर एका घरात "स्टॉप्याचं लगीन व्हय?" असं विचारलं गेलं. मला वाटायचं हा शब्द आमच्या पेठेतच तयार झाला असणार. इतका आमचा होता तो. पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक कोलकात्याचा सहकारी बसतो. एकदा तो फोनवर त्याच्या भावाशी भांडत होता आणि त्या बंगाली धबधब्यातून मला एकदम 'स्टॉपार' ऐकू आलं. मी उठून त्याच्याकडं गेलेच. त्यांच्याकडं अजून चालतो म्हणे, पेपरातसुद्धा. त्यानंच सांगितलं की मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्याला त्याचे वडील 'बडो मॅच' म्हणतात आणि तो स्वतः 'डर्बी' म्हणतो, आणि वडिलांना त्याचा राग येतो. मला आमटीची वाटी आठवली.

स्टॉपर शोधत मी आणखी लांब गेले. तुर्की भाषेत मधल्या बचावपटूला आजही 'स्तोपेर' म्हणतात. सर्बियन भाषेत 'श्तोपेर'. पोलिश भाषेतही आहे, आणि तिथं त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पळण्याच्या शर्यतीत लावायचं घड्याळ असा होतो. ज्या इंग्लंडमधून तो निघाला तिथं मात्र तो आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच सापडायचा. सासरी गेलेल्या मुलींनी माहेरची म्हण जपावी आणि माहेरी ती कुणाच्या लक्षातही राहू नये, तसं झालंय.

आता सेंटर हापचं कोडं. आण्णांचा शब्द आणि भाचीचा शब्द एकाच जागेचे आहेत, की दोन वेगळ्या जागांचे? मी त्या रात्री वाचत बसले, आणि उत्तर सापडलं ते नेमकं हापसाइडमध्ये.

१९२५ पर्यंतचा ऑफसाइडचा नियम असा होता की पुढच्या गड्याकडं पास मारला जाताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये विरुद्ध संघाचे किमान तीन जण हवेत. गोलकी धरून तीन. त्यामुळं एखादा हुशार बॅक दोन पावलं पुढं आला की समोरची अख्खी फळी ऑफसाइडमध्ये अडकायची. गोल होईनात, लोक कंटाळले. म्हणून १९२५ मध्ये तिनाचे दोन केले. एका आकड्याचा बदल, पण दोन बॅकांच्या मधली वाट उघडी पडली आणि सेंटर फॉरवर्ड तिथून पळत सुटू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूकॅसलनं आर्सेनलला ७-० असं धुतलं. आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन. त्यांच्या संघातला अनुभवी खेळाडू चार्ली बकन आधीपासून सांगत होता की मधला हाफ मागं खेचा. या माराच्या धक्क्यानंतर ते झालं. जो सेंटर हाफ अख्ख्या मैदानाच्या मधोमध राहून मागंही धावायचा आणि पुढंही बॉल पुरवायचा, त्याला दोन बॅकांच्या मध्ये नेऊन उभा केला. काम एकच. समोरचा सेंटर फॉरवर्ड थोपवायचा. थोपवणारा म्हणून स्टॉपर.

पण गडी मागं गेला तरी नाव त्याच्या मागं मागं तसंच गेलं. इंग्रज त्याला सेंटर हाफच म्हणत राहिले. पाठीवरचा नंबरही पाचच राहिला. म्हणून आजही वयस्कर इंग्रज समालोचक बचावाच्या अगदी शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाला सेंटर हाफ म्हणतो, आणि नव्यानं फुटबॉल बघणारा विचारात पडतो की हा 'हाफ' कशाचा.

अर्जेंटिनात वेगळंच घडलं. तिथं मधल्या हाफला लोक सहजासहजी मागं जाऊ देईनात. तो खेळाचा कर्ता पुरुष. शेवटी मागच्या ओळीत दुसरे गडी घेतले आणि पाच नंबरचा मालक मधेच राहिला. आजही तिथं 'पाच' म्हटलं की मधला खेळाडू. आणि त्याला जुने लोक काय म्हणतात? 'सेन्त्रोहास'. हे वाचलं तेव्हा मी पलंगावर उठून बसले. सेंटर हाफचा सेन्त्रोहास! आणि ऑफसाइडचा 'ओरसाइ'. ब्युनोस आयरिसच्या गल्लीतल्या पोरांनी इंग्रज रेल्वेवाल्यांच्या तोंडून जे ऐकलं ते आपल्या जिभेला झेपेल तसं वळवलं आणि पुढं सोडलं. त्यांना कुणी उच्चार सुधारायला सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही. ओरसाइ आता त्यांच्या रोजच्या भाषेत इतका मुरलाय की नको त्या वेळी नको तिथं सापडलेल्या माणसालाही ते 'ओरसाइमध्ये सापडला' म्हणतात. आणि मी मैत्रिणींसमोर हापसाइडला लाजत होते.

सकाळी मी चहा घेऊन आण्णांसमोर बसले. विचारलं, "तुम्ही नेमकं कुठं उभं राहायचा? मागं की मधे?"

आण्णांनी पेपर खाली केला. "मधी. मागं कशाला जाऊ? मागं दोन बॅक होते की."

"कधीच नाही?"

जरा थांबून म्हणाले, "दुसऱ्या हापला दम लागला की जायाचो जरा मागं."

म्हणजे आण्णा चॅपमनच्या आधीचे निघाले. तिकडं कागदावर ज्या जागेचा मालक १९२५ नंतर मागं गेला, ती आमच्या पेठेत १९६८ लाही जुन्या मालकाच्या नावावर होती. निदान पहिल्या हापपर्यंत.

मला वाटतं भाचीशी त्यांचं भांडण शब्दाचं नव्हतंच. ती जिथं उभी राहते तिथं त्यांच्या काळी कुणी उभंच राहायचं नाही. आणि ते जिथं उभे राहायचे ती जागा तिच्या भाषेत तीन तुकड्यांत वाटली गेलीय. सीडीएम म्हणजे बचाव करणारा मधला गडी, सीएम म्हणजे नुसता मधला, आणि आठ नंबरला आणखी काहीतरी. ब्राझीलवाल्यांनी यातल्या बचाव करणाऱ्या मधल्या गड्याला 'व्होलांते' म्हणायला सुरुवात केली. शब्दाचा अर्थ गाडीचं स्टिअरिंग असाही आहे, पण ते नाव आलं कार्लोस व्होलांते या माणसावरून. अर्जेंटिनाचा खेळाडू, १९३८ पासून काही वर्षं ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबकडून खेळला, आणि ती जागा अशी सांभाळली की जागेलाच त्याचं आडनाव चिकटलं. आमच्या पेठेचा स्टॉप्या त्याच्या बरोबर उलटा. जागेचं नाव माणसाला चिकटलं.

भाचीचे शब्द येतात फोनमधून. रात्री उशिरापर्यंत इंग्लंडची लीग, आणि मग त्यावरचे व्हिडिओ. क्लीन शीट, हाय प्रेस, फॉल्स नाइन. मला त्यातले निम्मे कळतात. एक दिवस ती धावत आली. "आजोबा, आज मी एकीला नटमेग केला!"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नटमेग म्हणजे जायफळ."

"जायफळ? कशात घातलं?"

पुढची पाच मिनिटं कुणी बोलण्याच्या स्थितीत नव्हतं. मग तिनं अंगणात प्लॅस्टिकच्या बॉलनं करून दाखवलं. समोरच्याच्या दोन पायांच्या फटीतून बॉल काढायचा आणि वळसा घालून पलीकडं घ्यायचा. "हां," आण्णा म्हणाले, "पायातनं काढला म्हण की." त्यांच्याकडं या करामतीला नाव नव्हतं, क्रिया होती.

जायफळाचा आणि पायांच्या फटीचा संबंध काय हे इंग्रजांनाही धड सांगता येत नाही, चार जण चार गोष्टी सांगतात. पण बाकीच्या जगानं या एका चालीला जी नावं दिलीत ती बघण्यासारखी आहेत. फ्रेंच लोक म्हणतात छोटा पूल. जर्मन आणि इटालियन म्हणतात बोगदा. स्पॅनिशमध्ये नळी. ब्राझीलमध्ये पेन. हंगेरियन भाषेत चक्क एप्रन, कारण बहुधा एप्रन घातलेल्या बाईच्या पायांतून कुणी बॉल काढू शकणार नाही. जमैकात सॅलड. आणि हॉलंडमध्ये सुरिनामहून आलेल्या लोकांचा 'पाना' हा शब्द चालतो, त्याचा अर्थ फाटक. हे मी आण्णांना वाचून दाखवलं तर त्यांना पेन काही पटलं नाही. फाटक मात्र पटलं. रेल्वे फाटकाजवळ त्यांचं लहानपण गेलं होतं.

एकच भाषा बोलणाऱ्यांचं तरी कुठं जुळतं? पोर्तुगाल आणि ब्राझील दोन्हीकडं पोर्तुगीज. पण पोर्तुगालमध्ये गोलकी 'ग्वार्दा-रेदेश', म्हणजे जाळ्यांचा राखणदार, आणि ब्राझीलमध्ये 'गोलेइरो'. पोर्तुगालमध्ये खेळाडूच्या जर्सीला 'कामिझोला' म्हणतात. ब्राझीलमध्ये कामिझोला म्हणजे बाईचा रात्री झोपताना घालायचा गाउन. लिस्बनच्या पेपरात 'अमुक खेळाडूनं कामिझोला काढून प्रेक्षकांत फेकला' असं वाचताना रिओच्या माणसाचं काय होत असेल!

आपल्याकडं पेपरची एक निराळीच मराठी आहे, ती आमच्या घरी फक्त सकाळी सात ते साडेसात चालते. गोलरक्षक, आघाडीपटू, बचाव फळी, खोलवर चढाया, पूर्वार्ध, उत्तरार्ध, जादा वेळ. भाऊ खेळत होता तेव्हा आण्णा ती मोठ्यानं वाचायचे. "मधल्या फळीत योग्य समन्वय राखत…" असं वाचून थांबायचे आणि भावाला विचारायचे, "हे कवा राखलंस?" मैदानावर 'चेंडू' हा शब्द मी कधीही ऐकलेला नाही. बॉलच. तरी मला ही पेपरची भाषा आवडते. तिच्यात एक इस्त्री केलेला रुबाब आहे. पेठेतला पोरगा, ज्याला सगळे टोपणनावानं हाका मारतात, तो दुसऱ्या दिवशी पूर्ण नावानिशी 'आघाडीपटू' होतो. त्याची आई ते कात्रण देवाऱ्याच्या फळीखाली ठेवते. 'फॉरवर्ड' छापून आलं असतं तर तिनं इतकं जपलं नसतं.

काही शब्द मात्र पेपरालाही मराठीत आणता आले नाहीत. टायब्रेकर. सडनडेथ. आण्णांनी आईला पहिल्यांदा सांगितलं, "सडनडेथवर गेली मॅच," तेव्हा आईनं हातातली पळी खाली ठेवून विचारलं होतं, "कोण गेलं?" एवढं इंग्रजी तिला येत होतं.

आणि डी. आमच्याकडं पेनल्टीच्या चौकोनाला सगळे डी म्हणतात. मोठी डी, छोटी डी. भाची म्हणते बॉक्स. खरं सांगायचं तर तिचंच बरोबर आहे, कारण तो ४०.३ मीटर बाय १६.५ मीटरचा सरळसोट आयत आहे, त्यात इंग्रजी डी कुठंच नाही. हॉकीच्या मैदानावर गोलसमोर जी अर्धगोल रेघ असते ती डी. हॉकी हा एकेकाळी या देशाचा मोठा खेळ होता. त्याचा शब्द आपण फुटबॉलच्या चौकोनावर आणून टाकला असणार. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग चौकोनाच्या वर ती अर्धी गोल रेघ हाय ती कशाची?" ती रेघ १९३७ साली आली, पेनल्टी मारताना बाकीच्यांनी ठिपक्यापासून ९.१५ मीटर लांब राहावं म्हणून. आकार मात्र डीचाच. मी गप्प बसले. त्यांचा शब्द नियमाच्या बाहेरून आला होता, पण त्याला टेकायला मैदानावर एक रेघ मिळालीच.

सॉकर या शब्दावरूनही एकदा झालं. भाचीला तो अमेरिकन फाजीलपणा वाटतो. तो मूळचा इंग्रजांचाच आहे. असोसिएशन फुटबॉलमधला 'सॉक' उचलून त्याला 'अर' जोडायची ऑक्सफर्डच्या पोरांची एकोणिसाव्या शतकातली लकब. नंतर कित्येक वर्षं इंग्लंडमध्ये तो राजरोस चालला. अमेरिकेनं उचलला म्हटल्यावर इंग्रजांना तो नकोसा झाला. भाचीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरी पण मी नाही म्हणणार." ठीक आहे.

मे महिन्यात मी आणि आण्णा तिची मॅच बघायला गेलो. शाळेचं ग्राउंड, ऊन, एका कडेला पाणी मारून बसवलेला धुरळा. आण्णा टोपी घालून खुर्चीवर. त्यांनी कधी मुलींची मॅच पाहिलेली नव्हती. पहिली दहा मिनिटं ते बोलले नाहीत. मग समोरच्या संघाची एक मुलगी बॉल घेऊन सुटली, आणि भाची तिच्यावर धावली.

"थांब, थांब, घाई नको," आण्णा पुटपुटले. मग मोठ्यानं, "आता घाल!"

भाचीनं घातला पाय. बॉल सुटला. "काढ! काढ!" आण्णा उभे राहिले होते. तिनं काढला. मागून तिची मैत्रीण ओरडत होती, "सोड, मला सोड!" बाजूला तिच्या कोचचं इंग्रजी चालू होतं, होल्ड द लाइन वगैरे, पण ग्राउंडवर एकही मुलगी इंग्रजी बोलत नव्हती. मागं आहे. मोकळी आहे. टाक. ठेव. उचल. बघून. मार. अडव तिला.

मला भावाच्या मॅचा आठवल्या. तेव्हाही हेच होतं. मला तर एका तालमीकडून खेळायला आलेला नायजेरियन खेळाडूही आठवला. शाहू स्टेडियमवर दोन सीझन काढल्यावर तो आपल्या बॅकला हात हलवून "सोड, सोड!" म्हणत होता, आणि त्याचा 'ड' आमच्यापेक्षा खणखणीत होता. त्याला स्टॉपर माहीत होता की सीबी, कुणी विचारलं नाही.

भाचीचा संघ एक गोलनं हरला. गोल झाला तेव्हा आण्णा "हापसाइड! हापसाइड!" म्हणून ओरडले. भाचीही त्याच वेळी हात वर करून पंचाकडं धावत होती, "ऑफ! ऑफ!" करत. पंचानं दोघांकडंही लक्ष दिलं नाही. मला विचाराल तर ऑफसाइड नव्हता.

घरी आल्यावर ती फोन घेऊन फोटोखाली उभी राहिली. तिच्या ॲपमध्ये संघ मांडता येतो, तिला आजोबांची टीम त्यात घालायची होती. आण्णा एकेक नाव सांगू लागले. पण ॲपमध्ये मागं कमीत कमी तीन गडी लागतात. दोनची मांडणीच नाही.

"मग यांना पण मागं घेतो," ती म्हणाली, आणि डाव्या खुर्चीवरच्या हापला खाली ओढलं.

"त्याला नको. तो मागं खेळत नव्हता."

"मग कुणाला?"

"कुणालाच न्हाई. दोनच होते."

तिनं फोन ठेवला आणि शाळेची वही आणली. मधल्या दोन पानांवर पेन्सिलीनं अकरा गोल काढले. पाच, तीन, दोन, एक. आण्णा नावं सांगत गेले, ती लिहीत गेली. कुणी वारलं असेल तर ते आपणहून सांगत होते, ती त्या नावापुढं काही करत नव्हती, फक्त एक क्षण पेन्सिल थांबायची. मधल्या गोलावर येऊन तिनं विचारलं, "तुमच्या खाली काय लिहू आजोबा? सीएच?"

"से. हा. लिही," आण्णा म्हणाले. "आणि तो राइट आउट जरा बाहेर घे. लाईनीला चिकटून पळायचा तो."

तिनं खोडरबरानं तो गोल पुसला आणि पानाच्या अगदी कडेला काढला. अर्धा वहीच्या बाहेर गेला.